खजुरीच्या शहरात सोंड्या भुंगा

रमजानचा इफ्तार असो, निकाहाचे छुहारे असोत की घरातल्या आजारी माणसाचा खुराक असो, खजुराशिवाय आपल्या घरांचे चालत नाही. मदिनेचा खजूर, इराणचा, इराकचा, ओमानचा. कोणता गोड, कोणता नरम, हे आपल्याकडची लहान मुलेसुद्धा सांगतील. पण ज्या झाडाला हा खजूर लागतो, त्या झाडाचा आज सर्वांत मोठा दुश्मन कोण, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर येणार नाही. तो दुश्मन म्हणजे एक भुंगा. कोकणातल्या वाचकांना ऐकून नवल वाटेल, पण तो त्यांच्या ओळखीचा आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या वाड्यांत माड पोखरणारा जो सोंड्या भुंगा, तोच हा. गेल्या चाळीस वर्षांत तो आखाती देशांत गेला, तिथून इजिप्तला आणि पुढे थेट युरोपात पोचला.

या भुंग्याने एका अख्ख्या शहराची झाडे धोक्यात आणली. त्या शहराची हकीकत या लेखात आम्ही सांगणार आहोत. शहर दूर स्पेनमध्ये आहे, पण त्याचा आपल्याशी संबंध दोन बाजूंनी येतो. त्याची खजुरीची बाग अंदलुसच्या मुसलमानांनी लावली, आणि ती पोखरणारा भुंगा आपल्या आशिया खंडातून तिथे गेला.

अंदलुसची बाग

स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळ अलिकांते प्रांतात एल्चे नावाचे शहर आहे. अरबीत त्याला इल्श म्हणत. दहाव्या शतकाच्या अखेरीस मुसलमानांनी हे शहर वसवले, तेव्हाच त्याच्याभोवती खजुरीची बाग आखली गेली. पाऊस कमी, ऊन कडक आणि जवळची विनालोपो नदी मचूळ पाण्याची. अशा पाण्यावर फारसे काही पिकत नाही, पण खजुरीला ते चालते. उत्तर आफ्रिकेतल्या लोकांना हे माहीत होते. त्यांनी नदीचे पाणी पाटांनी फिरवले, जमिनीचे चौकोनी तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेने खजुरीच्या रांगा लावल्या. खजुरीच्या विरळ सावलीत, मधल्या जागेत डाळिंब, भाजी आणि जनावरांसाठी चारा होई. एकाच पाण्यावर वर खजूर आणि खाली पीक, अशी ती योजना होती.

स्पॅनिश भाषेत या पाटाला आजही ‘असेकिया’ म्हणतात. हा मूळचा अरबी शब्द, ‘अस्-साकिया’. उर्दू शायरीतला ‘साकी’ही याच धातूपासून आला. एक प्यालात ओततो, दुसरा मुळांना पाजतो. राज्य गेले, भाषा बदलली, लोक बदलले. पण पाट, त्याचे नाव आणि खजुरीच्या रांगा राहिल्या. शहर आणि भोवतालचा परिसर धरून आज तिथे सुमारे दोन लाख खजुरी आहेत असे सांगतात. युरोपातली ही सर्वांत मोठी खजुरीची बाग. २००० साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

ही बाग शहराबाहेर कुठे वेगळी नाही, ती शहरातच आहे. शाळेच्या मागे, रस्त्याच्या कडेला, बंगल्यांच्या आवारात, जिकडे पाहावे तिकडे खजुरी. दोरीच्या आधाराने खोडावर चढून झाडे साफ करणारे, फळे उतरवणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्याकडे माडावर चढणाऱ्या माणसाचे जे काम, तेच त्यांचे.

एवढासा किडा, एवढे मोठे झाड

वर्गात झाडांच्या रोगांचा विषय निघाला की मुले आम्हाला विचारतात, किडा एवढासा आणि झाड एवढे उंच, मग झाड मरते कसे? माड, खजूर, सुपारी या झाडांच्या बाबतीत प्रश्न अगदी योग्य आहे, कारण ही झाडे आंब्या-फणसासारखी नसतात. आंब्याची एक फांदी गेली तर दुसरी फुटते. साल खरवडली तर काही वर्षांत जखम भरून येते. माडाच्या आणि खजुरीच्या खोडाला वाढणारा कोंब एकच, तो शेंड्यात. तो खाल्ला गेला की त्या खोडाचे आयुष्य संपले. शिवाय त्यांच्या खोडाला पडलेली जखम कधीच भरून येत नाही. भोक पडले ते पडले.

सोंड्या भुंगा साधारण साडेतीन सेंटीमीटर लांब असतो. रंग विटकरी, पाठीच्या पुढच्या भागावर काळे ठिपके, तोंडाशी लांब वाकलेली सोंड. मादी आयुष्यात दोनशे ते तीनशे अंडी घालते. त्यासाठी ती झाडावरची जखम शोधते. कोयता लागलेला देठ, खोडाला पडलेली चीर, नाहीतर दुसऱ्या किड्याने पाडलेले भोक, काहीही चालते. तीन-चार दिवसांत अंड्यांतून पांढुरकी, बिनपायांची अळी निघते आणि आतला मऊ गर खात खात बोगदे पाडत जाते. अळी मोठी झाली की झाडाच्याच तंतूंचा कोष विणून त्यात बसते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. उष्ण हवेत हा फेरा तीन-चार महिन्यांत पुरा होतो. बाहेर आलेले भुंगे पुष्कळदा त्याच झाडात पुन्हा अंडी घालतात. त्यामुळे एकाच खोडात अंडी, अळ्या, कोष आणि भुंगे अशा सगळ्या पिढ्या एकत्र नांदत असतात.

आणि हे सारे आत चालते. बाहेरून झाड महिनोन्‌महिने हिरवेगार दिसते. शेंडा झुकला, पाने पिवळी पडली, हे आपल्या नजरेत येईतो आतले खोड पोकळ झालेले असते.

भुंगा गेला कसा?

हा भुंगा दक्षिण आणि आग्नेय आशियातला. नारळावरची कीड म्हणून भारतात त्याची माहिती शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. १९८५ च्या सुमारास तो संयुक्त अरब अमिरातीत खजुरीवर आढळला, दोन वर्षांत सौदी अरेबियात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो इजिप्तमध्ये पोचला आणि त्याच दशकाच्या पूर्वार्धात दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर. पुढे २००४ ते २००६ या काळात इटली, ग्रीस, फ्रान्स. एल्चेच्या परिसरात तो दिसला तोही याच सुमारास.

भुंग्याला पंख आहेत. तो काही किलोमीटर उडू शकतो, पण समुद्र ओलांडू शकत नाही. त्याला समुद्रापार नेले ते माणसाने. आखाती देशांत नव्या खजूरबागा आणि शोभेची झाडे लावण्यासाठी रोपे एका देशातून दुसऱ्या देशात गेली. स्पेनमध्ये तर किनाऱ्यावर हॉटेले आणि बंगले भराभर उठत होते आणि मालकांना पहिल्या दिवसापासून मोठ्या खजुरी उभ्या हव्या होत्या. मग वाढलेली झाडे इजिप्तहून जहाजांनी आली. झाड हिरवे होते, कागदपत्रे ठीक होती, पण खोडाच्या आत अळ्या होत्या. जे झाड वीस वर्षे वाढायची वाट पाहायला हवी ते महिन्यात दारात हवे, या घाईची किंमत हजार वर्षांच्या बागेला मोजावी लागली.

शहराची लढाई

भुंगा पहिल्यांदा तुटून पडला तो शोभेच्या खजुरींवर. कॅनरी बेटांवरची जाड खोडाची, गोल घुमटासारख्या शेंड्याची खजुरी युरोपातल्या शहरांत चौकाचौकांत लावलेली असते. या भुंग्याला ती सर्वांत जास्त आवडते. तो तिच्या शेंड्यातच शिरतो. मग मधली पाने वाकडी होतात, एका बाजूची झुकतात आणि एके दिवशी सारा शेंडा तुटक्या छत्रीसारखा खाली लोंबतो. भूमध्य किनाऱ्यावरच्या शहरांत अशी हजारो झाडे गेली. फळे देणारी आपली नेहमीची खजुरी त्या मानाने चिवट. पण आजूबाजूला भुंगे फार वाढले की तीही सुटत नाही. तिच्यात भुंगा बहुतेकदा बुंध्याकडून, पिल्ले काढलेल्या जागेच्या जखमेतून आत शिरतो.

अशा ठिकाणी काय काय करावे लागते, ते पाहण्यासारखे आहे. एकच औषध मारले आणि काम झाले, असे इथे होत नाही.

पहिले काम सापळ्याचे. या भुंग्याचा नर एक गंध सोडतो आणि त्या वासावर नर-माद्या दोघेही गोळा होतात. हा गंध कोणत्या रसायनाचा, हे १९९३ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले. तेव्हापासून तो कारखान्यात तयार होतो. झाकणाच्या बादलीला वरच्या बाजूने भोके पाडायची, झाकणाखाली गंधाची पुडी टांगायची, तळाशी पाणी आणि आंबलेला खजूर ठेवायचा. भुंगे आत पडतात आणि बुडतात. सापळ्याने भुंगे कमी होतात आणि कोणत्या भागात किती आहेत, तेही कळते. पण खोडाच्या आतल्या अळ्यांना सापळ्याचे काही सोयरसुतक नसते. बादलीतले पाणी आटले तर आलेले भुंगे बुडत नाहीत, शेजारच्या झाडावर जातात. म्हणून सापळा लावणे सोपे आणि सांभाळणे कठीण.

दुसरे काम औषधाचे. फवारणी करतात, खोडात भोक पाडून कीटकनाशक आतही सोडतात. पण वर सांगितल्याप्रमाणे ते भोक भरून येत नाही. दरवर्षी टोचत राहिले तर झाडाची चाळण होते. शिवाय ज्या झाडाची फळे माणसे खातात, त्याच्यात विष किती आणि केव्हा घालायचे, याला मर्यादा असते. म्हणून काही ठिकाणी अळ्यांना मारणारे सूक्ष्म कृमी आणि किड्यांवर वाढणारी बुरशी यांचा मारा करतात. त्यांनी माणसाला, पाखरांना धोका नाही. मात्र कडक उन्हात ते टिकत नाहीत, पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

तिसरे काम कापणीच्या वेळेचे. हिरवे पान तोडले की ताज्या जखमेचा वास भुंग्याला दुरून येतो. म्हणून स्पेनसारख्या देशात छाटणी थंडीत करायची, कारण थंडीत भुंगा सुस्त असतो. वर्षानुवर्षे सोयीप्रमाणे होणारे काम भुंग्याच्या वेळापत्रकाप्रमाणे करावे लागले.

चौथे काम सर्वांत जड. जे झाड वाचणार नाही ते पाडायचे, शेंडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून न्यायचा आणि यंत्रात त्याचा भुगा करायचा. आजोबांच्या हातचे झाड पाडू द्यायला माणसाचे मन तयार होत नाही, हे आपल्याला समजू शकते. पण मेलेले झाड तसेच उभे ठेवले तर त्यातून शेकडो भुंगे निघतात आणि शेजाऱ्याचे जिवंत झाड गाठतात.

कुंपणापलीकडचे झाड

इथेच या सगळ्या हकीकतीचा गाभा आहे. रस्त्यावरच्या, बागेतल्या झाडांची काळजी नगरपालिका घेऊ शकते. पण शहरातल्या पुष्कळ खजुरी खासगी आवारांत असतात. एखादा मालक औषधाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबतो. एखादा परगावी राहतो, बंगल्याला कुलूप असते. एखाद्याला वाटते, माझे झाड अजून हिरवे आहे, मला काय त्याचे? भुंग्याला मात्र कुणाचे कुंपण माहीत नाही. दहा घरांनी मेहनत घेतली आणि अकराव्याने पाठ फिरवली, तर त्या दहांची मेहनतही वाया जाते.

युरोपीय संघाने २००७ साली या भुंग्याविरुद्ध तातडीचे नियम केले होते. कीड दिसली की कळवायचे, तो भाग आखून घ्यायचा, झाडांची वाहतूक बांधून घालायची. अकरा वर्षांनी, २०१८ मध्ये ते नियम मागे घेतले गेले. कारण युरोपच्या ज्या भागांत खजुरी वाढते तिथे भुंगा इतका पसरला होता, की त्याला मुळापासून घालवणे आता शक्य नाही हे उघड झाले होते. एल्चेसारख्या शहराला आता भुंग्यासोबतच राहायचे आहे. दरवर्षी तपासणी, दरवर्षी सापळे, दरवर्षी खर्च. हे काम एका पिढीत संपणारे नाही.

मग सगळे व्यर्थच का? नाही. त्याच स्पेनच्या कॅनरी बेटांवर हा भुंगा २००५ साली सापडला. वर सांगितलेली जाड खोडाची खजुरी मूळ याच बेटांची, जंगलात आपोआप वाढणारी. ती गेली असती तर तिचे माहेरच गेले असते. तिथल्या सरकारने बाहेरून खजुरी आणण्यावर बंदी घातली. झाडे एकेक करून तपासली, बाधित झाडे लगेच नष्ट केली, सापळे लावले, लोकांना ओळख करून दिली आणि हे वर्षामागून वर्षे सोडले नाही. २०१६ मध्ये ती बेटे भुंगामुक्त जाहीर झाली. आफ्रिकेतल्या मॉरिटानियातही २०१५ मध्ये तिजिकजाच्या मरूद्यानात भुंगा दिसला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तिथल्या शेतकऱ्यांनीच घरोघरच्या खजुरी तपासून त्याला आवर घातला. या ठिकाणी औषध काही वेगळे नव्हते. भुंगा लवकर सापडला, नवे झाड येण्याचा रस्ता बंद झाला आणि एकही अंगण सुटले नाही, एवढाच फरक.

आपल्या वाडीत

आता आपल्याकडे येऊ. कोकणात हा भुंगा पाहुणा नाही, इथलाच आहे. त्याला संपवणे शक्य नाही, पण माड वाचवणे नक्की शक्य आहे. आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांची घरे वर्षातून अकरा महिने बंद असतात आणि मागे वाडी उभी असते. एल्चेच्या कुलूपबंद बंगल्यांची गोष्ट आपल्या गावांना लागू पडते ती इथे. म्हणून काही साध्या गोष्टी आम्ही सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांची गल्लत करू नका. डोक्यावर शिंग असलेला काळा तो गेंड्या. तो शेणखताच्या, कुजक्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यात वाढतो आणि माडाचा कोवळा कोंब कुरतडतो. त्याने पाडलेल्या भोकातून मागाहून सोंड्या आत शिरतो. म्हणून सोंड्याचा बंदोबस्त खताच्या खड्ड्यापासून सुरू होतो. खड्डा वरचेवर उलटा करून अळ्या वेचून माराव्यात. माडाच्या शेंड्यातल्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि बारीक वाळू मिसळून भरावी, म्हणजे गेंड्या तिथे बसत नाही.

दुसरी गोष्ट, हिरवी झावळी खोडालगत कापू नका. तीन-चार फूट देठ ठेवून कापा. देठाच्या जखमेतून आत शिरलेली अळी मग खोडापर्यंत सहसा पोचत नाही. चढण्यासाठी खोडाला खाचा पाडण्याची सवय असेल तर ती सोडावी. खोडाला जखम झालीच तर तिला डांबर लावावे.

तिसरी गोष्ट, खोडाकडे लक्ष असू द्या. लहान भोके, त्यातून गळणारा तपकिरी चिकट रस, भोकाशी चघळल्यासारखा भुसा, आंबट वास, या खुणा आहेत. शांत वेळी खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाजही कधी ऐकू येतो. वाडीतला पाच ते वीस वर्षांचा तरुण माड यात जास्त सापडतो, तेव्हा पहिली नजर त्याच्यावर ठेवावी. औषध मात्र स्वतःच्या मनाने घालू नये. कृषी सहायकाला दाखवावे. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीजवळचे भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र यांच्याकडे या किडीची माहिती आहे.

चौथी गोष्ट, गंधाचा सापळा एकट्याने आपल्याच माडाला टांगू नका. तसे केले तर गावातले भुंगे आपल्या वाडीत बोलावल्यासारखे होईल. साधारण हेक्टरी एक सापळा पुरतो. म्हणून लागून असलेल्या वाड्यांच्या मालकांनी मिळून जागा ठरवाव्यात, कोवळ्या माडांपासून दूर, आणि पाणी बदलायची पाळी लावावी.

पाचवी गोष्ट, मेलेला माड उभा ठेवू नका. तो पाडून, चिरून, शेंडा जाळून टाकावा. घरमालक परदेशी असेल तर शेजाऱ्याने किंवा मोहल्ल्याच्या जमातीने फोन करून परवानगी घ्यावी. हे काम कुणाच्या मालकीत ढवळाढवळ नाही, ती सगळ्यांच्या झाडांची हिफाजत आहे.

शेवटची गोष्ट शहरात राहणाऱ्यांसाठी. सोसायटीच्या फाटकाशी दोन उंच खजुरी उभ्या करायची हल्ली हौस आहे. झाड कुठून आले, कोणी तपासले, हे विचारल्याशिवाय ते घेऊ नये. शक्य असेल तर लहान, ओळखीच्या रोपवाटिकेतले रोप लावावे आणि ते वाढू द्यावे. परदेशातून येताना सामानात खजुरीचे रोप किंवा पिल्लू तर मुळीच आणू नये. खजूर खुशाल आणावा, त्याच्या बीत हा भुंगा नसतो.

पुढच्या वेळी नारळ उतरवायला माणूस येईल, तेव्हा त्याला नारळांच्या संख्येबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. वर शेंड्यात त्याला काय दिसले? तो रोज पाच-पन्नास माडांवर चढतो, गावातल्या प्रत्येक वाडीची खबर त्याच्याकडे असते. त्याला सोंड्याच्या खुणा दाखवून ठेवा, भोक दिसले की सांगायला सांगा आणि सांगितल्याबद्दल चार पैसे जास्त द्या. आणि त्याने शेजारच्या बंद घराच्या माडाबद्दल काही सांगितले, तर तो निरोप त्याच दिवशी त्या घराच्या मालकापर्यंत पोचवा.